स्थूलता आणि गुडघेदुखी : एका कोऱ्या रकान्याची गोष्ट

स्मरणिकेसाठी या वर्षी काहीतरी लिहाच, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा विषयासाठी मला फार शोध घ्यावा लागला नाही. दवाखान्यातील जुनी कपाटे रिकामी करताना एक पिवळा पडलेला केसपेपर हाती आला होता आणि तो मनातून जात नव्हता. आपल्या सभासदांपैकी अनेकांना त्यात स्वतःचे अक्षर दिसेल, म्हणूनच तो येथे उघडतो आहे.

माझा दवाखाना लिंबायत भागात आहे. रुग्ण बहुतांशी खानदेशातले. सुरत-भुसावळ लोहमार्गावरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव या बाजूंनी पॉवरलूमच्या आणि कापडाच्या कामासाठी येथे आलेली ही माणसे. जी तापी खानदेशातून वाहत येते, तिच्याच काठी त्यांनी दुसरा संसार मांडला. ज्यांच्या केसपेपरविषयी लिहितो आहे, त्या नंदुरबारकडच्या. मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला भाऊ म्हणतात.

मावशी पहिल्यांदा आल्या त्या १९९८ साली, तापाने. वय ३८, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५४ किलो. केसपेपरवर त्यानंतर साठाहून अधिक भेटींच्या नोंदी आहेत. २००६ मध्ये पहिल्यांदा 'उजवा गुडघा दुखतो' असे लिहिले आहे. त्या दिवशीचे त्यांचे शब्दही आठवतात : "भाऊ, मना गुडघा भलता दुखस." पुढे डावा गुडघाही आला. प्रत्येक भेटीत नाडी आहे, रक्तदाब आहे, औषधे आहेत. वजनाचा रकाना मात्र कोरा आहे. १९९८ नंतरची वजनाची पुढची नोंद थेट २०१३ च्या दिवाळीनंतरची आहे : ७९ किलो.

पंधरा वर्षांत पंचवीस किलो. काटा माझ्या टेबलापासून चार पावलांवर होता.

ती नोंद तरी का झाली, तेही सांगितले पाहिजे. त्या वेळी मावशींच्या पायांवर सूज आली होती. तपासणीत क्रिएटिनिन १.९ निघाले. सात वर्षे गुडघ्यांसाठी त्या वेदनाशामक गोळ्या घेत होत्या. काही मी दिलेल्या, बाकीच्या माझीच जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून आणलेल्या. या गोळ्या पोटाला त्रास देतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात, हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. गुडघ्याचा रोग मी गुडघ्यात शोधत राहिलो आणि उपचाराची किंमत मूत्रपिंडांनी चुकवली. तो दोष अन्य कोणाचा नाही.

सांध्यात घडते काय?

ऑस्टिओआर्थ्रायटिसला आपले रुग्ण 'गुडघ्याची झीज' म्हणतात, कुणी 'वंगण संपले' म्हणतात, तर एक्स-रे पाहून आलेले 'गॅप कमी झाली' असे सांगतात. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा स्पंजाप्रमाणे ती सांध्यातील द्रवातून आपले पोषण घेते. म्हणूनच पूर्ण विश्रांती हा या रोगावरचा उपाय नव्हे. हालचाल हे कूर्चेचे अन्न आहे. परंतु दाब प्रमाणाबाहेर गेला, की तिची दुरुस्ती मागे पडते आणि झीज पुढे जाते. हळूहळू कूर्चेखालचे हाड कठीण होते, कडांना हाड वाढते, आतले अस्तर सुजते.

हा दाब किती असतो? कृत्रिम गुडघ्यात मोजणी यंत्र बसवून झालेल्या अभ्यासांनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, तर जिना उतरताना साडेतीनपटीच्या जवळपास. अमेरिकेतील स्टीफन मेसियर यांनी २००५ मध्ये वजनदार आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांच्या चालण्याचे मापन करून असे दाखवले, की वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हा हिशेब उलटाही वाचता येतो. मावशींचे वजन वर्षागणिक दीड-दोन किलोंनी वाढत होते, तेव्हा त्यांचा गुडघा काय सोसत होता, याचा अंदाज त्यावरून यावा.

केवळ ओझे नव्हे

ओझ्याचा हा हिशेब पुरेसा असता, तर स्थूल व्यक्तींच्या हाताच्या बोटांना हा रोग अधिक प्रमाणात होण्याचे कारण नव्हते. हातांवर कुणी चालत नाही. तरीही तो होतो. चरबी हा निव्वळ साठा नसून ती रक्तात लेप्टिनसारखी संप्रेरके आणि दाह वाढवणारी द्रव्ये सोडते, असे आता आपण जाणतो. ही द्रव्ये सांध्यापर्यंत पोचतात आणि कूर्चेच्या झिजेला हातभार लावतात. म्हणजे वजन गुडघ्यावर वरून दाब टाकते आणि आतून दाहही पेटवते.

याच ठिकाणी आपल्या माणसांविषयीची एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ च्या 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले होते. उंची-वजनाचे गुणोत्तर, म्हणजे बी. एम. आय., दोघांचेही अगदी सारखे : २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण दिसतो बारीक आणि असतो चरबीदार. त्यामुळेच भारतीयांसाठी बी. एम. आय. २३ पासूनच सावध व्हावे, असे मानले जाते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपलीकडे जाऊ नये, असेही. मावशींचा बी. एम. आय. १९९८ मध्येच २३ च्या थोडा वर होता. मी त्या वेळी त्यांना 'बारीक' समजलो होतो.

भिगवण आणि लिंबायत

यावर एखादा सहकारी विचारील, की खेड्यातल्या राबणाऱ्या काटक माणसांचे गुडघे दुखत नाहीत काय? दुखतात, आणि याचा उत्तम पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांशी बोलल्यावर असे आढळले, की सुमारे १८ टक्के लोकांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे होते आणि जवळजवळ सहा टक्क्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता. सांधेदुखी हा शहरी सुखवस्तूंचा रोग आहे, ही समजूत भिगवणने खोटी ठरवली.

याचा अर्थ वजनाचा संबंध नाही, असा मात्र नव्हे. वय, स्त्री असणे, आनुवंशिकता, जुनी दुखापत, वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम ही सारी या रोगाची कारणेच आहेत. परंतु या यादीतील बहुतेक गोष्टी आपल्या हाती नाहीत. वय उतरवता येत नाही, आईवडील बदलता येत नाहीत. उतरवता येते ते वजनच.

गावाकडे मावशी शेतात राबत होत्या. सुरतेत त्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून साड्यांना टिकल्या चिकटवण्याचे, लेस लावण्याचे काम घेतले. बारा-बारा तास बैठे काम, आणि सोबतीला सुरतेचे खाणे! 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण आपण पाहुण्यांना किती अभिमानाने ऐकवतो. चांदणी पडव्याची घारी, रविवारचा लोचो, सणावाराचे फरसाण हे आता आपल्याही घरांत रुजले आहे. भाकरी मागे पडली, श्रम मागे पडले. भूक मात्र शेतावरचीच राहिली. लिंबायत-उधन्यातील कित्येक घरांची ही कथा आहे, आणि अडाजण-पालमधील आपल्या घरांची फार निराळी नाही.

रकाना भरलेला असला, की काय कळते

वजनामुळे गुडघे दुखतात, की गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद होऊन वजन वाढते? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावाने दिले. तेथे १९४८ ते १९५१ या काळात शेकडो नागरिकांची वजने नोंदवून ठेवली होती. जवळजवळ ३६ वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले, तेव्हा तरुणपणी सर्वांत वजनदार असलेल्या स्त्रियांना या रोगाची जोखीम सुमारे दुप्पट असल्याचे दिसले. डेव्हिड फेल्सन यांचा हा निबंध १९८८ चा. वजन आधी होते, रोग मागाहून आला. पुढे १९९२ मध्ये त्यांनीच दाखवले, की दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरवलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याचा त्रास उद्भवण्याची शक्यता निम्म्याहून खाली गेली.

पाच किलो! त्यासाठी रूपवान, सडपातळ होण्याची अट नाही. फ्रेमिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये रकाना भरून ठेवला, म्हणून जगाला हे कळले. मी १९९८ नंतर तो कोरा ठेवला.

मावशींचे चौदा महिने

'वजन कमी करा' हे वाक्य मी मावशींना त्याआधी म्हटलेच नव्हते, असे नाही. दाराकडे निघालेल्या रुग्णाला पाठीमागून सांगावे, तसे एकदोनदा म्हटले होते. त्यावर "भाऊ, आम्ही खातो तरी काय? दोन घास," असे त्यांचे ठरलेले उत्तर येई आणि 'ही माणसे ऐकत नाहीत' असा माझा ठरलेला निष्कर्ष. त्या दिवशी मात्र मी खुर्ची पुढे ओढली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय पोटात जाते, ते विचारले.

दोन घास हे खोटे नव्हते. पण कामावरची झोप उडवायला दिवसाला सहा कप चहा होता, प्रत्येकी दोन चमचे साखरेचा. म्हणजे साठेक ग्रॅम साखर, २४० कॅलरी. पाच माणसांच्या घरात पंधरा किलोंचा तेलाचा डबा दीड महिन्यात संपत होता. म्हणजे माणशी रोज सुमारे ६५ ग्रॅम, जिथे २० ते ३० ग्रॅम पुरेसे असते. हा हिशेब मी त्यांच्यासमोर केसपेपरच्या पाठीवर मांडला. मावशी शाळेत फारशा गेलेल्या नाहीत, परंतु साडीमागे मजुरीचा हिशेब त्यांना चोख येतो. तेलाचा हिशेब त्यांना माझ्याआधी कळला.

नंतर ठरले ते असे. चहा दोन कप, अर्ध्या साखरेचा. तेलाचा डबा तीन महिने पुरवायचा. रात्री पुन्हा ज्वारीची भाकरी, सोबत डाळ आणि भाजी. मुलाने जुन्या फळ्यांचे टेबल करून दिले. साड्यांचे काम जमिनीवरून खुर्चीवर आले. खुर्चीवर बसल्या बसल्या पाय सरळ करून मांडीचा स्नायू आवळायचा, दहापर्यंत मोजायचे आणि सोडायचा; असे सकाळ-संध्याकाळ. हा स्नायू बळकट असला, की सांध्याला आधार मिळतो. सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, मग हळूहळू अर्धा तास. वेदनाशामक गोळ्या बंद. फार दुखले तर पॅरासिटामॉल आणि वरून लावायचे मलम.

पहिल्या दोन महिन्यांत काटा जेमतेम किलोभर हलला आणि दुखणे तसेच राहिले. "भाऊ, गोळीच द्या ना," असे त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, त्या दिवशी माझाही धीर सुटत होता. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला मेसियर यांचाच एक अभ्यास मी नुकता वाचला होता. ४५४ रुग्ण, दीड वर्षाचा कालावधी. आहार आणि व्यायाम दोन्ही पाळणाऱ्यांचे वजन सरासरी अकरा टक्क्यांनी उतरले आणि केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या. त्या अभ्यासाच्या भरवशावर मी 'आणखी दोन महिने' असे म्हणालो.

चौदा महिन्यांनी काटा ७१ वर आला. आठ किलो, म्हणजे पावलागणिक ३० किलोंहून अधिक भार हलका. क्रिएटिनिन १.५ वर येऊन स्थिरावले. ते पूर्ववत झाले नाही आणि होणारही नाही. गुडघेही नवे झाले नाहीत. थंडीत आजही दुखतात आणि मांडी घालून बसणे सुटले ते सुटलेच. परंतु मावशी आज पासष्टीच्या आसपास आहेत, गणपतीत नातवाचे बोट धरून मंडपापर्यंत चालत जातात आणि सांधेबदल शस्त्रक्रियेची वेळ अद्याप आलेली नाही.

आडवाटा आणि नव्या वाटा

शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. जून २००१ मध्ये दुसऱ्या गुडघ्यावर. त्यानंतर कितीतरी रुग्ण 'वाजपेयींसारखे ऑपरेशन' मागत आले आणि योग्य रुग्णाला त्या शस्त्रक्रियेने खरोखरच नवे आयुष्य मिळते. परंतु ती सांधा बदलते, वजन बदलत नाही. वजन तसेच राहिले, तर दुसरा गुडघा आपली पाळी येण्याची वाट पाहत बसतो.

ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर आपले रुग्ण पुष्कळ पैसा खर्च करतात. २००६ मध्ये अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत त्या एकंदरीत साखरेच्या गोळीहून सरस ठरल्या नाहीत. याउलट, २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची स्थूल गुडघेरुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत वजन सुमारे १३.७ टक्के उतरले आणि वेदनाही बनावट औषधाच्या तुलनेत लक्षणीय कमी झाल्या. हे औषध खर्चाचे आहे, ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते आणि थांबवल्यावर वजन परतू लागते. तरीही त्या चाचणीतून एक गोष्ट पुन्हा स्पष्ट झाली : वजन उतरले, की गुडघा ऐकतो.

सुरतेने शिकवलेला धडा

शेवटी आपल्या शहराची एक आठवण. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होत होती. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळवण्यासाठी लोक जिवाचे रान करत होते आणि आपल्यापैकी ज्यांनी तेव्हा दवाखाने उघडे ठेवले, त्यांना ते दिवस आठवत असतील. कॅप्सूलने त्या आठवड्यांत माणसे वाचवली. परंतु सुरतेचा कायापालट झाला तो त्यानंतर, १९९५ पासून, आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात शहराने मुळाशी हात घातला तेव्हा. ज्या शहराची देशभर नाचक्की झाली होती, त्याच शहराने २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसह पहिला क्रमांक मिळवला. गोळी आवश्यक असते. पण कारण तसेच ठेवून दिलेली गोळी पुन्हा पुन्हा द्यावी लागते, हे सुरतेच्या डॉक्टरांना कुणी शिकवायला नको.

सहकारी मित्रांना माझी विनंती छोटी आहे. प्रत्येक प्रौढ रुग्णाला वर्षातून दोनदा तरी काट्यावर उभे करावे आणि तो आकडा लिहावा. गुडघा दुखण्याची वाट पाहू नये. तीन-चार किलो वाढ दिसताच, रुग्ण समोर बसलेला असताना, आदराने आणि हिशेब मांडून सांगावे. स्थूलता हा स्वभावदोष नव्हे. तिच्याविषयी टोचून बोललेला रुग्ण काटा टाळतो आणि मग डॉक्टरलाही टाळतो.

आणि ही सुरुवात आपल्यापासूनच व्हावी. स्थूलतेवरचे व्याख्यान आटोपून आपण ज्या उत्साहाने जेवणाच्या टेबलाकडे वळतो, त्यात मीही आघाडीवर असतो. हा लेख लिहायला घेण्यापूर्वी कित्येक वर्षांनी मी स्वतः काट्यावर उभा राहिलो. आकडा ८६ निघाला. तो स्वतःच्या केसपेपरवर तारीख घालून लिहिला आहे. पुढच्या स्मरणिकेपर्यंत त्याखाली आणखी काही नोंदी झालेल्या असतील.